व्हॅक्यूम पॅक केलेलं शिजवलेलं अन्न किती दिवस ठेवावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लहान प्रमाणावर तयार जेवणाचा व्यवसाय सुरू करायचा आहे, व्हॅक्यूम मशीन घेऊन झालं आहे. सूप, सॉस, शिजवलेलं मांस, मासे, भाज्या पिशवीत सील करून फ्रीजमध्ये महिनाभर ठेवता येतील का? ऑक्सिजन अ‍ॅब्सॉर्बरची पुडी टाकली तर फ्रीजबाहेर चालेल का? आणि पिशवी फुगलेली नसेल, उघडल्यावर वासही चांगला असेल, तर माल चांगला समजायचा का?

आधी उत्तरं देतो, कारणं मग. महिनाभर ठेवता येतं, पण ज्या अटींवर येतं त्या साध्या फ्रीजला झेपत नाहीत. ओलसर, शिजवलेला पदार्थ फ्रीजबाहेर अजिबात नाही, पुड्या कितीही टाका. आणि वासावर तर मुळीच विसंबू नका. या पद्धतीतला सगळ्यात वाईट धोका वासाशिवाय येतो.

हवा काढल्याने नेमकं काय होतं ते आधी पाहू. उघड्यावर ठेवलेलं अन्न चिकट होतं, त्याला कुबट वास येतो, वर बुरशी चढते. हे बहुतांश ऑक्सिजनवर जगणाऱ्या जंतूंचं आणि बुरशीचं काम. ऑक्सिजन गेला की ते थंडावतात, तेल-तूप खवट होण्याचा वेग कमी होतो, रंग टिकतो. म्हणून पिशवीतला माल ताजा दिसतो, आणि बऱ्याच अंशी असतोही. पण हेच जंतू आजवर तुम्हाला दोन गोष्टी फुकटात देत होते. एक म्हणजे इशारा: अन्न धोकादायक व्हायच्या आधी ते सडून दाखवत होते. दुसरी म्हणजे स्पर्धा: जागा आणि पोषण खाऊन टाकून ते घातक जंतूंना वाढू देत नव्हते. पिशवी बंद केली की दोन्ही जातात. मागे उरतात ते ऑक्सिजनशिवायही भागवणारे, म्हणजे लिस्टेरिया आणि साल्मोनेलासारखे, आणि ज्यांना ऑक्सिजन नकोच असतो ते क्लॉस्ट्रिडियम कुळातले.

त्यातला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा या विषयाचा केंद्रबिंदू. त्याचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपून राहिलेलं त्याचं चिवट रूप, मातीत, पाण्याखालच्या गाळात, भाज्यांवर, माशांच्या आतड्यात असतात. ते धुऊन पूर्ण जात नाहीत आणि साध्या उकळण्याने मरत नाहीत. बीजाणू पोटात गेला तर निरोगी मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. पण अन्नात तो रुजला, वाढला आणि त्याने विष तयार केलं, तर अत्यल्प मात्राही माणसाला व्हेंटिलेटरवर नेते.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे आकडे त्यावरच उभे आहेत. अन्नातून त्रास देणारे या जंतूचे दोन गट आहेत. पहिल्या गटाचे बीजाणू फार चिवट असतात. त्यांना मारायला 121 अंश सेल्सियसला 3 मिनिटं, तीही पदार्थाच्या अगदी मधोमध, लागतात. डबाबंद अन्नाचा उद्योग याच मोजमापावर चालतो. पण हा गट थंडीला कच्चा आहे. साधारण 10 अंशांखाली तो वाढत नाही. दुसरा गट उलटा. त्याचे बीजाणू 90 अंशांना 10 मिनिटांत आटोक्यात येतात, पण तो 3 अंशांपर्यंतच्या थंडीतही हळूहळू वाढतो. म्हणजे फ्रीज पहिल्याला अडवतो, दुसऱ्याला फक्त रेंगाळायला लावतो. शिवाय पहिला गट प्रथिनं कुजवतो म्हणून बऱ्याचदा घाण वास सोडतो. दुसरा गट तसं करत नाही, त्यामुळे पिशवी उघडल्यावर सगळं ठीकठाक वाटू शकतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर या एका गोष्टीत आहे.

आता तुमची प्रक्रिया या जंतूच्या बाजूने बघा. तुम्ही मांस किंवा भाजी 75-80 अंशांपर्यंत शिजवली. साल्मोनेला गेला, लिस्टेरिया गेला, स्पर्धा करणारे बाकीचे जंतूही गेले. बीजाणू राहिले, उलट उष्णतेच्या धक्क्याने ते रुजायला तयार झाले. मग तुम्ही हवा काढली. ओलावा भरपूर, आंबटपणा नाही, मीठ चवीपुरतं, आणि ठेवलं कुठे, तर दर पाच मिनिटांनी दार उघडणाऱ्या फ्रीजमध्ये. जंतूच्या सोयीचं यापेक्षा आणखी काय करायचं?

व्हॅक्यूम मशीन नसेल तर हा धोका नाही, असंही समजू नका. ऑक्सिजन आत पोहोचला नाही की झालं. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एका रेस्टॉरंटमुळे 36 जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, झाला. कारण होतं तेलात घातलेला बारीक चिरलेला लसूण, जो फ्रीजबाहेर ठेवला होता. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तसंच घडलं, आणि त्यानंतर अमेरिकेत अशा मालाला आम्लाची जोड सक्तीची झाली. 1994 मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथे 30 जण आजारी पडले. तिथे अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेले बटाटे तसेच गुंडाळलेले कित्येक दिवस बाहेर पडून होते आणि त्यांचं डिप बनवलं गेलं. तेल आणि फॉइल यांनी तिथे व्हॅक्यूमचंच काम केलं. व्हॅक्यूम पॅकच्या बाबतीतला जुना धडा 1963 चा आहे. अमेरिकेच्या ग्रेट लेक्समधले धुरावलेले मासे प्लास्टिकमध्ये व्हॅक्यूम पॅक होऊन विकले गेले, वाटेत पुरेसे थंड राहिले नाहीत आणि लोक दगावले. तो दुसऱ्या गटातला, माशांशी नातं असलेला ई प्रकार होता.

मला स्वतःला सगळ्यात शिकवणारं वाटतं ते 1989 चं ब्रिटनमधलं हेझलनट योगर्ट प्रकरण. योगर्ट स्वतः आंबट, त्यात हा जंतू वाढतच नाही. पण त्यात घालायची हेझलनटची प्युरी वेगळी डब्यात भरून येत असे. एका लॉटमध्ये साखर काढून अ‍ॅस्पार्टेम घातलं. चव गोडच राहिली. मात्र साखर तिथे नुसती गोडीसाठी नव्हती, ती पाणी बांधून ठेवत होती, जंतूला वापरू देत नव्हती. उष्णता मूळ कृतीइतकीच दिली गेली, जी नव्या कृतीला पुरेशी नव्हती. 27 जण आजारी, एकाचा मृत्यू. कमी मीठ, कमी साखर, व्हिनेगर कमी करा अशी ग्राहकांची मागणी येते, तेव्हा कृतीतला तो घटक चवीला होता की रखवालीला होता, हे आधी तपासा.

तर पिशवी म्हणजे टिकवण्याची पद्धत नव्हे. टिकवतं ते दुसरं काहीतरी, पिशवी फक्त त्याला साथ देते. ते दुसरं काहीतरी म्हणजे पुढच्यापैकी एक हवं: सामू (पीएच) 4.6 किंवा त्याखाली, म्हणजे दोन्ही गटांसाठी पुरेसा आंबटपणा. किंवा वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, म्हणजे जंतूला वापरता येणारं पाणी, 0.93 च्या खाली, किंवा बंद पिशवीत 121 अंशांची रिटॉर्ट प्रक्रिया, म्हणजे दाबाखाली तापवून निर्जंतुक करणं, किंवा गोठवणं. यातलं काहीच नसेल आणि भिस्त फ्रीजवर असेल, तर फ्रीजच्या जोडीला आणखी एक अडथळा लागतो. पहिला गट थंडीने अडतो, म्हणून तो अडथळा फक्त दुसऱ्या गटापुरता असला तरी चालतो. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने त्यासाठी आकडे दिले आहेत: गाभ्यात 90 अंश 10 मिनिटं किंवा तितक्याच ताकदीची उष्णता, किंवा सगळ्या भागात सामू 5 किंवा कमी, किंवा पदार्थातल्या पाण्यात मिठाचं प्रमाण किमान 3.5 टक्के, किंवा वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी 0.97 किंवा कमी. यातलं काहीही दाखवता येत नसेल तर 3 ते 8 अंशांत जास्तीत जास्त 10 दिवस. ताज्या, काही न घातलेल्या गोमांस, कोकरू आणि डुकराच्या मांसाला तिथे 2020 मध्ये या 10 दिवसांच्या मर्यादेतून सूट मिळाली, पण ती कच्च्या मांसाला आहे. तुमच्या शिजवलेल्या पदार्थाला ती लावू नका.

अमेरिकेचा फूड कोड वेगळ्या बाजूने तिथेच येतो. शिजवून, पिशवीत भरून थंड केलेल्या पदार्थाला 5 अंशांना 7 दिवस मिळतात. 30 दिवस हवे असतील तर 5 अंशांला पोहोचल्यापासून 48 तासांत तो 1 अंशावर न्यायचा आणि तिथेच ठेवायचा, तापमानाची सतत इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवून. महिनाभर ठेवणारे लोक तुम्ही पाहिले असतील, ते या 1 अंशाच्या जोरावर. आणि एक अट लोक वाचायची विसरतात: या सवलतीत त्या पिशव्या ग्राहकाला किंवा दुसऱ्या धंद्याला विकता येत नाहीत. आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच शाखांत वापरायच्या. कारण उघड आहे. तुमच्या कोल्ड रूमवर तुमचा ताबा असतो, ग्राहकाच्या फ्रीजवर नसतो. तुमच्या भागातले नियम तुम्हाला परवाना देणाऱ्याकडूनच समजून घ्या, पण त्यामागचा तर्क कुठेही हाच असतो.

फ्रीजच्या तापमानाबद्दल दोन शब्द. दारावरचा आकडा त्या सेन्सरपाशी असलेल्या हवेचा असतो. पिशव्या एकमेकींना चिकटवून, मागची हवेची झडप बुजवून ठेवल्या की मधल्या पिशवीचं तापमान कितीतरी वर राहतं. दोन पिशव्यांच्या मध्ये थर्मामीटरची चपटी पट्टी दाबून ठेवा, रात्रभर राहू द्या, मग आकडा बघा. बहुतेकांना तो बघून धक्का बसतो. स्वस्त असो वा महाग, तापमान आपोआप नोंदवत राहणारा साधा डेटा लॉगर आठवडाभर मधल्या रॅकवर ठेवला तर तुमच्या फ्रीजची खरी कुंडली हाती येते. 3 आणि 8 अंशांमधला फरक ऐकायला किरकोळ वाटतो. दुसऱ्या गटाच्या हिशेबात तो आठवडे आणि दिवस यांमधला फरक आहे.

आता प्रत्यक्ष ओट्यावरचं काम, कारण बहुतेक गफलती इथे होतात.

सूप किंवा सॉस गरम असतानाच चेंबर मशीनमध्ये, म्हणजे अख्खी पिशवी आत ठेवून हवा काढणाऱ्या यंत्रात, घालायचा मोह होतो. तसं करू नका. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाच उकळतं. 60 अंशांचं सूप चेंबरमधला दाब वातावरणाच्या पाचव्या हिश्श्यावर आला की खदखदायला लागतं. काचेतून बघा: आधी कडेने बारीक बुडबुडे, मग एकदम फेस वर चढतो आणि पिशवीच्या तोंडावर, नेमका सीलिंग बारच्या जागी, पसरतो. गेजवरचा आकडा अडकून बसतो, कारण पंप हवा नाही, वाफ ओढत असतो. ती वाफ पंपाच्या तेलात जाऊन तेल दुधाळ होतं. सील होतो, पण त्याखाली सूपची पातळ पट्टी दबलेली असते, आणि असा सील दोन दिवसांनी सुटतो. पूर्ण थंड, 5 अंशांच्या आसपास आलेला पदार्थ मशीनला द्या. पातळ पदार्थासाठी तेव्हाही व्हॅक्यूम पूर्ण खेचू नका. 20 अंशांचं पाणीसुद्धा साधारण 23 मिलिबारला उकळतं.

गरम भरायचंच असेल तर त्याची पद्धत वेगळी आहे. शिजल्या शिजल्या, 57 अंशांखाली यायच्या आत पिशवीत ओतायचं, हाताने हवा दाबून काढायची, सील करायचं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. व्हॅक्यूम नाही. म्हणजे एकतर गरम भरा आणि झटपट थंड करा, किंवा आधी थंड करा आणि मग व्हॅक्यूम ओढा. सगळ्यात वाईट तो मधला मार्ग: पातेलं ओट्यावर "थोडं निवू दे" म्हणून ठेवायचं आणि कोमट झाल्यावर पॅक करायचं.

त्या कोमटपणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा दुसरा पाहुणा येतो. तोही बीजाणू करणारा, तोही शिजवण्यातून वाचणारा. 12 ते 50 अंशांच्या मध्ये तो वाढतो, आणि 43-45 अंशांच्या आसपास इतक्या झपाट्याने की दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. मोठ्या पातेल्यातलं मांस किंवा दाट रस्सा तासन् तास या पट्ट्यात रेंगाळतो. म्हणून थंड करण्याला घड्याळ लावलेलं आहे: 57 वरून 21 अंशांपर्यंत 2 तासांत, आणि सुरुवातीपासून एकूण 6 तासांच्या आत 5 अंशांपर्यंत. पिशवी फुगीर न ठेवता चपटी, 3 सेंटीमीटरच्या आसपास जाडीची करा आणि बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवा, मध्येच हलवा. नुसत्या बर्फात खोचून ठेवलेल्या पिशव्या हळू थंड होतात, कारण बर्फाचे तुकडे मोजक्या ठिकाणीच टेकतात. पाणी सगळीकडून भिडतं. फ्रीजला गरम माल थंड करायला लावू नका. तो कामाला लागेल तोवर शेजारच्या पिशव्या तापतील.

भरताना पिशवीचं तोंड बाहेरच्या बाजूला तीन-चार बोटं दुमडून घ्या, भरून झालं की सरळ करा. सीलची जागा कोरडी राहते. एवढी एक सवय लागली की गळतीच्या तक्रारी निम्म्याहून कमी होतात, असा माझा अनुभव आहे. सील झाल्यावर तो उजेडासमोर धरा. सुरकुती, तेलाचा डाग, केसाएवढी रेघ दिसली तर ती पिशवी तेव्हाच फोडून पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सैल सापडली तर पुन्हा भरायच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. हाडाचं टोक, कोळंबीचा काटा पिशवीला भोक पाडतो. तिथे जाड पिशवी लागते.

पिशवीचं मटेरियल थोडक्यात. साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन सहज जातो, झिपची पिशवीही त्यातलीच. व्हॅक्यूमसाठी नायलॉन आणि पॉलिथिनचे थर असलेली पिशवी वापरतात: नायलॉन ताकद आणि अडवणूक देतो, आतला पॉलिथिन सील घेतो. जास्त काळासाठी मध्ये ईव्हीओएच या ऑक्सिजन अडवणाऱ्या प्लास्टिकचा थर असतो. पिशवीतच गरम करून द्यायचं असेल तर त्या तापमानाला चालते असं पुरवठादाराकडून लेखी घ्या.

फुगलेल्या पिशवीबद्दल विचारलं आहे. फुगलेली पिशवी टाकायचीच, यात वाद नाही. गंमत अशी की फुगवणारे बरेचसे जंतू घातक नसतात. लॅक्टिक आम्ल बनवणारे काही जीवाणू वायू सोडतात, आणि थंड साठवलेल्या मांसाच्या पिशव्या फुग्यासारख्या फुगवणारा क्लॉस्ट्रिडियम एस्टरथेटिकम हा तर केवळ माल नासवणारा म्हणून ओळखला जातो. उलट बोट्युलिनमचा दुसरा गट पिशवी जागच्या जागी, घट्ट चिकटलेली ठेवूनही विष करू शकतो. त्यामुळे फुगली तर वाईट हे खरं, नाही फुगली तर चांगली हे खोटं. आणि एक उलटा घोटाळा: व्हॅक्यूममधलं कच्चं मांस उघडल्यावर जांभळट दिसतं आणि कोंडलेला, किंचित आंबूस वास येतो. तो पंधरा-वीस मिनिटांत उडून गेला आणि रंग लाल झाला, तर ते ऑक्सिजन नसल्याचं लक्षण, नासल्याचं नव्हे.

गॅस भरून पॅक करणं, ज्याला एमएपी म्हणतात, हे याच कुटुंबातलं. नायट्रोजन नुसता भरीला असतो, जंतूंना काही करत नाही. काम करतो तो कार्बन डायऑक्साइड. तो थंडीत पदार्थातल्या पाण्यात आणि चरबीत विरघळतो आणि बुरशी, सडवणारे जंतू यांना रोखतो. विरघळल्यामुळे कधीकधी ट्रे आत ओढल्यासारखा दिसतो, तो दोष नाही. पण बोट्युलिनमला त्याची फारशी फिकीर नसते. लाल मांसाच्या ट्रेमध्ये उलट 70-80 टक्के ऑक्सिजन भरतात तो लाल रंगासाठी, सुरक्षिततेसाठी नाही. तुमच्या पातळीवर या यंत्रात आत्ताच पैसे घालू नका, असं माझं मत.

ऑक्सिजन अ‍ॅब्सॉर्बरच्या पुडीत लोखंडाची पूड आणि थोडं मीठ असतं. लोखंड गंजतं आणि गंजताना ऑक्सिजन खातं. 1 ग्रॅम लोखंड साधारण 300 घन सेंटीमीटर ऑक्सिजन संपवू शकतं. एक लिटर हवेत 210 घन सेंटीमीटर ऑक्सिजन असतो, त्यावरून पुडीचा आकार ठरतो. ती धान्य, सुकामेवा, पूर्ण वाळवलेल्या पदार्थांसाठी उत्तम आहे, किडेही मरतात. पण पदार्थात 10 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल आणि तो बाहेर ठेवणार असाल, तर ती पुडी धोका वाढवते. व्हॅक्यूम मशीन थोडी हवा मागे ठेवतं, पुडी तीही काढून घेते. शिजवलेला पदार्थ फ्रीजबाहेर टिकवायचा एकच सरळ रस्ता आहे: रिटॉर्ट पाउच, त्या पदार्थासाठी जाणकाराने ठरवून दिलेल्या वेळ-तापमानावर. घरचा प्रेशर कुकर ती जागा घेत नाही. वाफ 120 अंशांच्या जवळ गेली तरी पिशवीच्या मधोमध किती वेळ किती तापमान होतं हे कुणी मोजलेलं नसतं, आणि शिट्टी सोडताना दाब झपकन उतरला की पिशवी फुटते.

सू-व्हीडचा उल्लेख प्रश्नात नाही, पण मशीन घेणारे सगळे तिकडे वळतात. 56-60 अंशांच्या पाण्यात पिशवीतलं मांस शिजवून लगेच वाढणं ही एक गोष्ट. तेच थंड करून ठेवणं ही दुसरी. 60 अंशांना पुरेसा वेळ दिला तर लिस्टेरिया मरतो, पण 70 अंशांना जे 2 मिनिटांत होतं त्याला तिथे पाऊण तासाच्या आसपास लागतो, तोही गाभा 60 ला पोहोचल्यावर. आणि बीजाणूंना या तापमानात काहीच होत नाही. लिस्टेरियाचं आणखी एक: तो शून्य अंशाच्या आसपासही वाढतो. शिजवल्यानंतर फळी, सुरी, हातमोजे यांवरून तो पुन्हा पिशवीत गेला तर तुमचा 2-3 अंशांचा कडक फ्रीजही त्याला थांबवत नाही, फक्त मंदावतो. म्हणून शिजलेला माल कापायची जागा आणि कच्च्याची जागा वेगळी. गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध ग्राहक असतील तर यात तडजोड नको.

मासे हा विषय मी वेगळा काढतो. मासा व्हॅक्यूममध्ये द्यायचा तर गोठवलेलाच द्या: पॅक करायच्या आधी, करताना आणि नंतर गोठलेला. आणि लेबलवर ठळक लिहा: फ्रीजमध्ये वितळवण्याआधी पिशवी फोडा. वितळत असताना बंद पिशवीत बाहेर तापमान वाढलं, तर ई प्रकाराला हवी ती परिस्थिती तयार होते. अमेरिकेत ताज्या, न गोठवलेल्या माशासाठी 24 तासांत चौरस मीटरमागे किमान 10,000 घन सेंटीमीटर ऑक्सिजन आत येऊ देणारी फिल्म चालते, ती याच कारणासाठी: मासा कुबट होऊन स्वतःच सांगावा की मी संपलो. मश्रूमच्या पाकिटाला भोकं असतात त्यामागेही हेच आहे. कच्चं मश्रूम श्वास घेतं आणि बंद पिशवीतला ऑक्सिजन स्वतःच संपवून टाकतं.

चुकून काही झालंच तर काय दिसतं, हेही माहीत असू द्या. बहुधा 12 ते 36 तासांत, कधी बऱ्याच दिवसांनी, दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, तोंड कोरडं, बोलणं अडखळणं, गिळताना त्रास, आणि मग अशक्तपणा वरून खाली उतरत जातो. ताप सहसा नसतो, माणूस शुद्धीत असतो. थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि काय खाल्लं ते सांगा. प्रतिविष रक्तात फिरणारं विष अडवतं, मज्जातंतूंना चिकटलेलं सोडवत नाही, म्हणून तासांचा फरक पडतो. हे विष 85 अंशांवर 5 मिनिटांत निकामी होतं, तेव्हा वाढण्याआधी खळखळ उकळायला सांगणं चांगलंच. पण मायक्रोवेव्हमध्ये कोमट करून खाणाऱ्या ग्राहकावर तुमचा धंदा टांगू नका.

तुमच्या जागी मी असतो तर सुरुवात अशी केली असती: शिजवलेला, आंबट नसलेला सगळा माल थंड करून, व्हॅक्यूम करून, उणे 18 अंशांना गोठवून विकायचा. व्हॅक्यूम आणि डीप फ्रीजर ही जोडी खरोखर जमते. हवा नसल्याने फ्रीजर बर्न, म्हणजे गोठलेल्या पदार्थाचा पृष्ठभाग सुकून पांढुरका पडणं, होत नाही आणि चव महिनोन् महिने राहते. गोठवल्याने बीजाणू मरत नाहीत, म्हणून लेबलवर वितळल्यानंतरची मुदत दोन दिवसांची द्या. न गोठवता फ्रीजमधूनच द्यायचं असेल तर खरोखर 4 अंशांखाली ठेवून 5 दिवस, फार तर 7, त्याहून पुढे प्रयोगशाळेची चाचणी झाल्याशिवाय नाही. ही चाचणी म्हणजे दहाव्या दिवशी नमुना पाठवून "एकूण जंतुसंख्या ठीक" असा कागद घेणं नव्हे. तुमच्या पदार्थाचा सामू, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी, गाभ्याला मिळालेली उष्णता हे मोजून मुदत कुणीतरी जबाबदारीने ठरवून द्यायला हवी.

टोमॅटोचे सॉस तुमच्या यादीत असतील, तर ते तुमचे सगळ्यात सोपे पदार्थ ठरू शकतात, पण सामू मोजल्यावरच. कागदी पट्टी इथे पुरत नाही, 4.4 आणि 4.8 मधला फरक ती नीट दाखवत नाही. मीटर घ्या, रोज 4 आणि 7 च्या बफरने, म्हणजे सामू ठरलेला असलेल्या द्रावणाने, जुळवा. सॉसमध्ये मांसाचे, भाजीचे तुकडे असतील तर पहिल्या दिवशीचा आकडा खोटा असतो, कारण आम्ल तुकड्याच्या आत जायला वेळ घेतं. चोवीस तास फ्रीजमध्ये राहू द्या, मग एक तुकडा बाहेर काढून, वरचा सॉस धुऊन, मधला भाग थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये वाटा आणि त्याचा सामू घ्या. तो 4.6 च्या वर आला तर बाहेरचा सॉस कितीही आंबट असला तरी ती पिशवी आंबट मालात मोजू नका. तुकडे लहान करा किंवा आम्ल वाढवा, आणि पुन्हा मोजा.